बुंदेले, गोविंदपंत

(? – १७ डिसेंबर १७६०). पेशव्यांचा बुंदेलखंड व गंगा-यमुनांची अंतर्वेदी (दुआब) ह्या प्रदेशांतील मामलेदार. पानिपतच्या मोहिमेत (१७६०-६१) मराठी सैन्याला द्रव्य, धान्य व नावा पुरविण्याची जबाबदारी मुख्यत्वे त्याच्यावर टाकण्यात आली होती. त्याचे संपूर्ण नाव गोविंद बल्लाळ खेर. घराणे कऱ्हाडे ब्राह्मणांचे, रत्नागिरी जिल्ह्यातील नेवरे येथील. बुंदेलखंडात त्याची बहुतेक हयात गेली. त्यामुळे ‘बुंदेले’ हे उपनाव त्यास मिळाले व मूळचे आडनाव मागे पडले. पानिपतच्या पराभवाची कारणमीमांसा करताना गोविंदपंताचे नाव बहुधा दोषी म्हणूनच घेतले जाते. हा दोष त्याच्याकडे कितपत जातो, हे ठरविण्यासाठी त्याचे नेमके काम काय होते व ते कोणत्या साधनांनी पार पाडावयाचे होते, हे पाहणे आवश्यक ठरते.

पहिल्या बाजीरावाने १७२९ मध्ये मुहम्मदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका केली. त्याबद्दल छत्रसालाने आपल्या राज्याचा सु. तिसरा हिस्सा पेशव्यास देऊ केला. छत्रसाल १७३१ च्या अखेरीस मरण पावला. पुढे ह्या हिश्शाची व्यवस्था पाहण्यासाठी कायमचा अधिकारी नेमणे प्राप्त झाले, तेव्हा बाजीरावाने आपल्या तैनातीतील गोविंदपंतास १७३३ च्या सुमारास तेथे पाठविले. प्रदेश डोंगराळ व जंगलमय. छत्रसालाचे पुत्र हिरदेसाह व जगतराज ह्यांचे मुलूख पेशव्यांच्या हिश्शाला लागूनच होते आणि गढीगढीतून बसलेले ठाकूर व जमीनदार फौज दिसल्याखेरीज वसूल देत नसत. गोविंदपंताने सागर हे आपले मुख्य ठाणे केले. तेथील तलावाच्या काठचा किल्ला व त्याभोवती वाढलेले शहर ह्यांच्या भरभराटीचा आरंभ त्याच्या कारकीर्दीतच झाला. काल्पीसारखी यमुनेकाठची मोक्याची ठिकाणेही त्याच्या हाताखाली आली. पुढे १७५१-५२ मध्ये मराठ्यांनी अयोध्येच्या सफदरजंगास बंगश व रोहिले ह्यांच्याविरुद्ध साहाय्य केले व त्याच्या मोबदल्यात अंतर्वेदीतील काही महाल मराठ्यांकडे आले. इटावा, फफूंद, शिकोहाबाद ह्या बाजूची वसुली गोविंदपंताकडे सोपविण्यात आली. अशा प्रकारे सागरपासून यमुनेपलीकडे पसरलेला एक लांबट पट्टा त्याच्या अखत्यारीत आला. दिल्लीच्या राजकारणासाठी उत्तरेत जाणाऱ्या कोणत्याही मराठी फौजेस हा पट्टा पैशाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा होता.

मामलेदार किंवा कमाविसदार हा मुळात मुलकी अधिकारी. मराठी राज्यव्यवस्थेत ‘रसद’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ होता. लष्कराला पोहोचवावयाचा धान्यपुरवठा हा एक अर्थ. दुसरा अर्थ आज विस्मृतीत गेला असला, तरी गोविंदपंताचे चरित्र समजण्यास तोच अधिक उपयोगी आहे. कमाविसदाराला मामलत मिळाली, की अपेक्षित वसुलापैकी ठराविक रक्कम त्याने सरकारात आगाऊ भरावयाची असे. तिलाही रसद म्हणत. ही रक्कम तो सावकारांकडून व्याजाने उभी करी आणि नंतर हंगामात रयतेकडून व जमीनदारांकडून वसूल करून फेडी. म्हणजे सरकारचा अधिकारी हाच सरकारचा धनकोही असे. सरकार त्याच्याकडे बाकी दाखवी, तो व्याज, शिबंदीचा खर्च व बुडालेला वसूल ह्यांची वजावट मागे आणि हिशेब वर्षानुवर्षे लोंबकळत राहत. गोविंदपंत व पुणे दरबार ह्यांच्यात असाच तंटा मोहिमेच्या आधीपासून चालू होता. त्याने सरकारी पैसा दडविला, असा दरबाराचा संशय होता. दरबारातील हिशेबाची शिस्त सदाशिवरावभाऊच्या हाती होती. त्याच भाऊचा सेनापती म्हणून उत्तरेत गोविंदपंताशी संबंध यावा, हा योग दोघांनाही सुखाचा ठरला नाही.

त्या काळी मराठी सैन्याचा उदरनिर्वाह कसा होई, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. किल्ल्यांवर धान्यसाठ्यासाठी कोठारे व त्यांवर कारखानीस असत. परंतु चालत्या फौजेसाठी सर्व सैन्याला शिधा वाटणारे स्वतंत्र खाते नव्हते. पागेतील घोड्यांची चंदी सरकारातून मिळे. शिलेदार मात्र आपले व आपल्या घोड्याचे पोट आपल्या पगारातून भरी. लष्कराबरोबर बाजार चालत असे. वाणी, बकाल, सराफ त्यात दुकाने मांडीत आणि लमाण-वंजाऱ्यांचे तांडे पाठाळ बैलांवर गोणी लादून दूरदूरच्या मुलखांतून धान्य आणीत. तांड्यास कोणाची आज्ञा लागू नसे. जेथे भाव चांगला व वाट निर्धोक, तेथे तो जाई. ह्यामुळे सैन्याच्या पोटाचा प्रश्न अखेर दोन गोष्टींवर येऊन ठेपे : शिपायाच्या कमरेला रोकड हवी आणि तांड्यासाठी वाट मोकळी हवी. स्वदेशात किंवा मित्राच्या मुलखात ही व्यवस्था उत्तम चाले व सरकारला स्वस्तही पडे. वाट तुटली वा नाणे आटले, की मात्र काही दिवसांतच ती कोलमडत असे.

आकडेमोड करून पाहिली म्हणजे ह्या कामाचा आवाका लक्षात येतो. भाऊबरोबरच्या लढाऊ सैन्याचा अंदाज सर्वसाधारणपणे ५० हजारांच्या आसपास केला जातो. बुणगे, यात्रेकरू, स्त्रिया व नोकरचाकर ह्यांची संख्या त्याहून बरीच अधिक होती. एकूण दीड लाख माणसे धरली व माणशी रोज अर्धा किग्रॅ. पीठ धरले, तरी ७५ टन धान्य होते. ४० हजार घोड्यांना प्रत्येकी अडीच किग्रॅ. चंदी धरल्यास आणखी १०० टन. एका बैलावर सु. १०० किग्रॅ. ओझे लादता येते, असे मानले, तर रोज पावणेदोन हजार बैल छावणीत येऊन रिकामे झाले पाहिजेत. पानिपत येथे दोन्ही सैन्ये सु. ७५ दिवस समोरासमोर होती. तेवढ्या काळासाठी सव्वा लाखाहून अधिक बैलांची ओझी लागतात. त्यात वैरण व सरपण आलेलेच नाही. हा हिशेब ढोबळ आहे. परंतु एका मामलेदाराच्या खटपटीने भागणारे हे काम नव्हते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

शत्रूची रसद तोडण्याचा अनुभव गोविंदपंतास मोहिमेपूर्वी आला होता. १७५९ च्या पावसाळ्यानंतर दत्ताजी शिंदे शुक्रताल येथे नजीबखान रोहिल्याला कोंडून बसला होता. नजीबाच्या पाठीशी गंगा होती आणि नावांच्या पुलावरून पलीकडच्या रोहिलखंडातून त्याला धान्य व माणसे मिळत. हा पुरवठा तोडण्यासाठी दत्ताजीने गोविंदपंतास हरद्वारच्या बाजूने गंगेपलीकडे पाठविले. त्याने रोहिल्यांचा प्रदेश लुटून प्रथम चांगलीच दाणादाण उडविली. परंतु शुजाउद्दौल्याच्या बाजूने अनुपगीर व उमरावगीर हे गोसावी सरदार धावून आले आणि गोविंदपंतास माघार घ्यावी लागली. पुढे अहमदशाह अब्दाली चालून आला. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडला.

त्याच सुमारास दक्षिणेत सदाशिवरावभाऊ निजामाशी लढत होता. येडशी-धाराशिवच्या पूर्वेस असलेल्या औसा-उदगीरच्या ह्या बालाघाटी मुलखात मराठ्यांनी निजामाच्या चालत्या फौजेला चहूबाजूंनी घेरले, तिचा दाणावैरणीचा मार्ग बंद केला आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी तिला जेरीस आणले. फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाला मोठा मुलूख देऊन तह करावा लागला. मराठ्यांना हा प्रदेश परिचयाचा होता, पाठीशी पुण्याची पेठ होती आणि तांड्यांच्या वाटा खुल्या होत्या. तेथून अवघ्या काही आठवड्यांत हाच सेनापती पतदूरहून (सांप्रत परतूर, जि. जालना) उत्तरेस निघाला. उदगीरला शत्रूवर जो प्रसंग त्याने आणला, तोच दहा महिन्यांनी पानिपतावर त्याच्यावर आला.

पुण्याहून बरोबर घेतलेला पैसा थोडा होता. बाकीची भर उत्तरेतील मामलतींतून पडेल, अशी अपेक्षा होती. वाटेवरून भाऊने गोविंदपंतास पत्रांमागून पत्रे धाडली. त्यांतील बरीच वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने ह्या मालेच्या पहिल्या खंडात (१८९८) प्रसिद्ध केली आहेत. ती वाचताना पुरवठा अधिकाऱ्याकडून काय काय अपेक्षिले जाई, ह्याची कल्पना येते. मागील बाकीसह वसूल पाठवावा. इटाव्याजवळ यमुनेवर पूल बांधण्यास नावा जमवाव्यात. शुजाउद्दौला अब्दालीला मिळू नये म्हणून त्याच्याशी संधान ठेवावे, न जमल्यास त्याच्या मुलखात धामधूम करावी. अंतर्वेदीतील जमीनदार फोडावेत. शत्रूच्या हालचालींची बातमी कळवावी. आणि अखेरीस अब्दालीची रसद मारावी. खजिनदार, मुत्सद्दी, हेर, नावाडी व स्वारांचा सरदार ह्या पाच जणांची कामे एकाच माणसावर पडली होती आणि त्यासाठी त्याला वेगळी फौज वा वेगळा पैसा दिलेला नव्हता. उतारवयाकडे झुकलेला गोविंदपंत शरीराने स्थूल होता व त्याला घोड्यावर बसणेही कष्टाचे जाई, असे समकालीन वृत्तांतांवरून दिसते.

ह्यांपैकी बहुतेक कामे फसली. शुजाउद्दौला जुलै १७६० मध्ये अब्दालीस जाऊन मिळाला. नावांचे काम वेळेवर पुरे झाले नाही. पावसाने नद्या चढल्या, गंभीर नदीच्या पुराने भाऊची फौजच अडून पडली आणि इटाव्याजवळ यमुना उतरून अंतर्वेदीत शिरण्याचा बेत सोडून तिला आग्र्यावरून दिल्लीकडे वळावे लागले. पैसा आला, तो मागणीच्या मानाने फारच थोडा. ह्यात गोविंदपंताची दिरंगाई असेलही. मात्र वसूल न येण्याचे उघड कारण वेगळेच होते. अब्दालीने उन्हाळा व पावसाळा अलीगढ-अनुपशहर भागात, म्हणजे अंतर्वेदीतच काढला. ज्या महालांचा पैसा भाऊला हवा होता, त्यांच्या उशाशी शत्रूची छावणी होती. मराठी ठाणी उठत चालली. ज्या सत्तेचे ठाणे आज आहे व उद्या नाही, तिला जमीनदार हप्ता देत नाहीत आणि सावकार हुंडीही लिहीत नाहीत. बुंदेलखंडातील ठाकुरांनीही वारा ओळखून हात आखडला. अशा वेळी वसुलीसाठी गोविंदपंताने आपली शिबंदी महालांतून पसरावी, तर तिला एकत्र करून शत्रूवर घालता येत नसे. आणि एकत्र केली, की वसूल थांबे. भाऊच्या पत्रांत ही अडचण फारशी मान्य केलेली दिसत नाही. सागरहून दिल्ली सु. ६०० किमी. दूर, पत्रोत्तरास जाणारा काळही ध्यानात घ्यावा लागतो.

ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. पण तेथेही खजिना नव्हता. दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याचे सु. ९ लक्ष रुपये पाडावे लागले, ह्यावरून नड किती होती ते दिसते. सुरजमल जाट सोडून गेल्याने त्याच्या मुलखातील धान्याचा आधारही तुटला. १७ ऑक्टोबर रोजी कुंजपुरा घेतल्यावर शत्रूसाठी साठविलेले धान्य व रोकड मिळाली व काही दिवस छावणीत सुबत्ता झाली. परंतु आठवड्याभरातच अब्दाली बागपत येथे यमुना उतरला आणि भाऊ व दिल्ली ह्यांच्यामध्ये येऊन बसला. आरंभी पतियाळाच्या आलासिंगाकडून मराठी छावणीत धान्य येत असे. पुढे अफगाणांच्या फिरत्या पथकांनी ती वाटही बंद केली. लाकूडफाटा व वैरण आणण्यास बाहेर पडलेले बुणगे रात्री कापले जाऊ लागले. अब्दालीच्या पाठीशी मात्र नजीबाचा मुलूख व यमुनेपलीकडचा दुआब होता आणि तेथून त्यास पीठ, चंदी, जनावरे मिळत होती.

हाच ओघ तोडण्यासाठी गोविंदपंत दहा-बारा हजार स्वारांनिशी दुआबातून उत्तरेस चढला. ह्या त्याच्या अखेरच्या कामगिरीची दखल घ्यावी तितकी घेतली गेलेली नाही. मेरठपर्यंतचा मुलूख त्याने उधळून लावला आणि अब्दालीच्या छावणीकडे येणारे धान्य अडविले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित अफगाण छावणीत हजर होता. तिकडे ह्या काळात पिठाचे भाव कडाडल्याचे त्याने आपल्या फार्सी वृत्तांतात नमूद केले आहे. म्हणजे ज्या माणसावर आपल्या सैन्याचा पुरवठा न केल्याचा ठपका आहे, त्याने शत्रूचा पुरवठा निदान काही दिवस तरी यशस्वी रीत्या रोखून धरला होता. अब्दालीने धोका ओळखून वजीर शाहवलीखानाचा पुतण्या अताईखान ह्यास निवडक स्वार देऊन रातोरात यमुनेपलीकडे धाडले. गाझियाबादजवळ जलालाबाद येथे गोविंदपंताचा तळ होता. त्याच्याजवळचे स्वार बहुतेक वसुलीसाठी ठेवलेल्या शिबंदीपैकी होते. अकस्मात घाला येताच ते उधळले. गोविंदपंत १७ डिसेंबर १७६० रोजी मारला गेला व त्याचे शिर कापून अब्दालीच्या छावणीत नेण्यात आले. त्याचा मुलगा बाळाजी निसटून गेला.

त्यानंतर पानिपतच्या छावणीला बाहेरून मदतीची आशा उरली नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक मराठी तुकडी अंधारात वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली व कापली गेली. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सरदार व शिपाई भाऊस सांगू लागले. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य बाहेर पडले [→ पानिपतच्या लढाया].

मराठ्यांचीच ही उणीव होती, असे नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभी, जून १७७५ मध्ये, तेथील काँग्रेसने सैन्यासाठी पुरवठाप्रमुखाचे पद निर्माण केले. तरीही १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथे वॉशिंग्टनचे सैन्य अन्नवस्त्रांवाचून हवालदिल झाले; कारण खजिना रिकामा, कागदी चलन घसरलेले आणि गाड्या मिळेनात. नॅथॅनिएल ग्रीन ह्या रणधुरंधर सेनानीने मार्च १७७८ मध्ये हे पद मोठ्या नाखुशीने पत्करले. तो व त्याचे दोन साहाय्यक ह्यांना खर्चावर शेकडा एक आडत मिळे, म्हणून त्यांच्या सचोटीविषयी कुजबुज झाली. हाताखालच्यांच्या व्यवहाराबद्दल त्यांना व्यक्तिशः जबाबदार धरण्याची भाषा निघाली आणि ग्रीनने १७८० मध्ये पद सोडले. लढणाऱ्याच्या पदरी कीर्ती व पुरविणाऱ्याच्या पदरी हिशेब, हा प्रकार तेथेही चुकला नाही. फरक इतकाच, की ग्रीनकडे निदान नेमून दिलेले खाते, हाताखालचे अधिकारी व गाड्या-घोडे खरीदण्याचा अधिकार होता. गोविंदपंताकडे होती ती केवळ मामलत, आणि तिच्यातला अर्धा मुलूख शत्रूच्या टाचेखाली होता.

राजवाड्यांनी उपर्युक्त पत्रांच्या आधारे गोविंदपंतावर कडक ठपका ठेवला. नंतरच्या लेखकांनी बहुधा तोच गिरविला. पत्रे अस्सल आहेत. पण ती मागणाऱ्याची आहेत, हे विसरता कामा नये. देणाऱ्याची बाजू त्यांत प्रसंगोपात्तच येते. गोविंदपंताच्या हिशेबांत गोलमाल नव्हता, असे कोणी म्हणणार नाही; त्या काळच्या फारच थोड्या मामलेदारांविषयी तसे म्हणता येईल. त्याच्या हातून दिरंगाईही झाली. तथापि, त्याने पैसा असूनही दिला नाही, हे सिद्ध करणे वेगळे आणि त्याच्याकडून पैसा आला नाही, हे दाखविणे वेगळे. आरोपकर्त्यांनी दुसरे दाखविले आहे. घरापासून हजाराहून अधिक किमी. अंतरावर, परक्या मुलखात, लाखाहून अधिक तोंडे बरोबर घेऊन निघालेल्या फौजेच्या अन्नाची तजवीज एका वसुली कामगाराच्या बाकीवर सोडून देणे, हा दोष मोहिमेच्या आखणीचा आहे व तो पुण्याकडे जातो. पेशवे दरबारानेही पुढे ह्या घराण्याकडील मामलती काढून घेतल्या नाहीत.

गोविंदपंताच्या पश्चात त्याचे पुत्र बाळाजी गोविंद व गंगाधर गोविंद यांनी सागर व काल्पीकडील कारभार सांभाळला. पानिपतच्या वार्तेने बुंदेलखंडात ठिकठिकाणी ठाकूर उठले, तेव्हा तेथील मराठी ठाणी टिकविण्याचे काम मुख्यत्वे ह्या घराण्यानेच केले. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, सागर इंग्रजांकडे गेले. जालौन येथील शाखेचे संस्थान १८४० मध्ये खालसा करण्यात आले.